तिसरा ज

माझ्या दुकानात टीव्ही दिवसभर बोलतो आणि त्याच्यावर मी. जाफराबादला बाजारगल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. मशीनसमोरच्या भिंतीवर टीव्ही टांगलाय. हातपाय कामात असले तरी डोकं रिकामं राहतं, आणि माझं डोकं रिकामं राहिलेलं कुणाच्याच फायद्याचं नाही, असं माझा नवरा म्हणतो. पडद्यावर जो कुणी येईल त्याच्याशी मी भांडते. गिऱ्हाईक बायका हसतात. एक जण तर म्हणली, "बाई, ब्लाउज चार दिवस उशिरा द्या, पण ती मघाची जाहिरात परत लागू द्या, तुमचं पूर्ण ऐकायचं राहिलं."

आता तुम्हीच सांगा, या जाहिराती करणाऱ्यांनी जन्मात कधी धुणं धुतलंय का? पोरगं चिखलात लोळून येतं आणि आई दारात उभी राहून हसते. हसते! तेही शाळेचा पांढरा शर्ट बघून. आमच्या गल्लीतली एक तरी आई अशी हसलेली दाखवा, मी वर्षभर तिचे ब्लाउज फुकट शिवीन. आणि त्या हसणाऱ्या बाईच्या ब्लाउजकडं मी नीट बघते. समोरून एक सुरकुती नाही, म्हणजे मागून कापड ओढून चिमटे लावलेले असणार. बादली उचलायला तिनं हात वर केला तर सगळे चिमटे उडतील. म्हणून ती बादली उचलतच नाही, नुसती डोळे मिटून कपड्यांचा वास घेते.

तेच त्यांच्या गावाचं. जाहिरातीतलं गाव म्हणजे पिवळीधमक मोहरी, मधी पागोटेवाला म्हातारा, आणि तो कपाळाला हात लावून आभाळाकडं बघत असतो. आमच्याकडं कपाशी, सोयाबीन, मका. मोहरी आम्ही किराणा दुकानातून आणतो, फोडणीपुरती. आणि माझे सासरे शेतात असले की कायम खाली बघायचे, कारण साप खाली असतो, तण खाली असतं. वर काय ठेवलंय? पण खाली बघणारा म्हातारा टीव्हीवर चांगला दिसत नसेल.

गाण्याच्या व्हिडिओंचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. हसनाबाद माझं माहेर. एकदा पंचमीला गेल्ते, तर भावाच्या सोयाबीनमध्ये शूटिंग. गावाकडच्या पोरीवरचं गाणं होतं. नाचणाऱ्या पोरीच्या चोळीचे हूक तुटले म्हणून वहिनीनं मला बांधावर नेलं. मी सुईदोरा घेऊन तिथंच टाके घातले. पोरगी बिचारी चांगली होती, उन्हानं लाल झाल्ती. तिच्या डोक्यावर पितळी घागर दिलेली, कुणाच्या तरी रुखवतातली, आणि ती रिकामी. रिकामी घागर घेऊन ती अशी झुलत चालली होती की मला राहवलं नाही. मी डायरेक्टरला म्हणलं, "दादा, घागरीत पाणी तं भरा."

तो म्हणला, "काकू, पाणी कॅमेऱ्यात दिसत न्हाई."

"पण ओझं दिसतं ना. भरल्या घागरीनं बाई अशी चालत न्हाई."

त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं, माझी सावली पडून राह्यली म्हणे. तो व्हिडिओ मग गावात प्रत्येकाच्या फोनवर वाजला. भावाच्या सोयाबीनच्या दोन ओळी आडव्या झाल्या त्या वेगळ्याच, पण भाऊ खूश, शेत दिसलं म्हणून. मी मात्र ज्याला-त्याला सांगत सुटले की घागर रिकामी आहे.

तरी बी, हे सगळं खोटं आहे हे लहान लेकराला पण कळतं. माझा खरा राग होता गाण्याच्या स्पर्धांवर. तिथं मला वाटायचं, बाकी काही असो, गळा तरी खरा असतो. पण गळ्याला तिथं विचारतो कोण? पोरगं दोन ओळी गातं, आणि लगेच त्याचं घर, त्याची आजारी आई, त्याची तुटकी चप्पल. मागं सारंगी. परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी गाणं संपायच्या आधीच तयार. मी मशीन थांबवून ओरडायची, "अरे, आधी ऐका की! रडायला काय सारा जन्म पडलाय!" आणि असं ओरडता ओरडताच मी माझ्या पोरीला तिथं घेऊन गेले. आता हसा.

माझी पोरगी गाते. लहानपणापासून गाते, पण बारावीत आल्यावर गळा असा उघडला की दुकानातल्या बायका बोलायच्या थांबायला लागल्या. सूर ती फोनवरून शिकली आणि शाळेतल्या पेटीवर. शब्द शिकली शेजारच्या खालाकडं. खाला म्हणजे उर्दू शाळेत पस्तीस वर्षं शिकवून घरी बसलेल्या बाई. गल्लीतलं लहानथोर त्यांना खालाच म्हणतं. त्यांना सुरातलं काही कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. पण एक दिवस पोरगी ओट्यावर बसून गझल म्हणत होती, तर पलीकडून आवाज आला, "अगे, ज़िंदगी का गला क्यों घोटतीस?"

तिथून सुरू झालं. मी दुकानातून सगळं ऐकायची. खाला म्हणायच्या, "जीभ बोल." पोरगी म्हणायची, जीभ. "अब जुना बोल." जुना. "ये दो ज तुम्हारे मराठी के. इनकू घर में रखो. मैं बोलती सो तीसरा ज है." आणि तो तिसरा ज काही येईना. जीभ दातामागं टेकली की संपलं, खालांची पट्टी गुडघ्यावर. जीभ न टेकवता नुसती हवा घासत सोडायची. पोरगी भाकरी करताना, केस विंचरताना, एसटीत बसल्यावर सारखी ज़ज़ज़ करत राहायची. माझा नवरा विचारायचा, "घरात भुंगा शिरलाय का?" महिनाभरानं जमला, तर ती इतकी खूश झाली की सगळीकडंच तो लावायला लागली. जिगरला पण, जानला पण. खाला अशा भडकल्या! "जहाँ है वहींच लगा! अपने मन से खैरात नक्को बाँट!" पोरगी रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. अशी दोन वर्षं.

म्हणून संभाजीनगरला निवड चाचणीत ती पास झाली तेव्हा मी पेढे आधी खालांकडं नेले. त्यांनी पेढा हातातच धरला आणि विचारलं, "कौनसा लफ़्ज़ पसंद आया उनकू?" त्यांना वाटलं, शब्द ऐकून घेतलं.

मग फॉर्म आला. नाव, गाव, शिक्षण, आणि खाली मोठा चौकोन: तुमचा संघर्ष लिहा. मी नवऱ्याला विचारलं, आपला संघर्ष काय? तो भोकरदन ते जाफराबाद जीप चालवतो. तो म्हणला, "टपावर माणसं बसवू नका म्हणतो तरी बसतेत, हा एक हाय." पोरीनं लिहिलं, संघर्ष नाही. दोन दिवसांत मुंबईहून फोन. बाई गोड आवाजात विचारत होती, वडिलांचा गाण्याला विरोध होता का? नवरा म्हणला, "मी कशाला विरोध करू? मीच तं जीपमध्ये तिचं रेकॉर्डिंग लावतो." घरात कुणी अचानक गेलं का? नाही हो. मग काहीतरी असेल ना, ताई? मी म्हणलं, "माझ्या गुडघ्यात दुखतं मशीनमुळं." ती बाई परत फोन करते म्हणली आणि फोन ठेवून दिला.

आम्ही दोघीच मुंबईला गेलो. स्टुडिओत सकाळी आठला बोलावलेलं. पोरीसाठी मी ड्रेस शिवला होता, मोरपंखी, गळ्याला सोनेरी पायपिंग. मी स्वतःच्या लग्नाचं कापड इतक्या जिवानं शिवलं नव्हतं. कानात वायर घातलेली एक मुलगी आली. मराठीच होती, वागायला चांगली, चहा-बिहा विचारला. ड्रेसकडं बघून म्हणाली, "काकू, खूपच सुंदर झालाय. म्हणजे जरा जास्तच." मग तिनं बाहीला हात लावला. "इथं एखादं पॅच लावता येईल का? तुम्ही टेलर आहात ना, तुमच्या हातचं खरं वाटेल."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ती ठिगळ म्हणत होती. नव्या कापडाला ठिगळ. बावीस वर्षं मी लोकांची फाटलेली जागा लपवायचं काम करते. रफू असा करते की मालकिणीला पण सापडत नाही. आणि ही पोरगी मला म्हणत होती, न फाटलेलं फाटकं करून दाखवा. दुसरी वेळ असती तर मी तिथंच तिच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण माझी लेक खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होती. तिच्या छातीवर नंबर लावलेला होता. बाहेर अजून तीसेक पोरं ओळीत.

मी विचारलं, "कोणत्या रंगाचं?"

लावलं मी ठिगळ. त्यांनी तपकिरी तुकडा आणून दिला आणि मी माझ्या हातानं लावला, तोही ओबडधोबड टाक्यांनी, कारण ती वायरवाली म्हणाली, टाके दिसू द्या. माझा हात वाकडा टाका घालायला तयार नव्हता, दोनदा सरळ पडला, दोनदा उसवला. पोरगी हळूच म्हणली, "लाव गं आई. ड्रेसच हाय तो. उसवता येतो." तिनं माझी समजूत काढली. दुकानात बसून साऱ्या दुनियेला शहाणपण शिकवणारी मी, आणि माझी समजूत ती काढत होती.

मला वाटलं, झालं, एवढ्यावर सुटलो. तासाभरानं ती वायरवाली परत आली, हातात कागद. पोरीच्या शेजारी उकिडवी बसली. "ऐक, एक छान मोमेंट करायचाय. तू पहिल्या ओळीत 'ज़िंदगी' म्हणतेस ना, ते साधं म्हण. जिंदगी. आपलं गावाकडं म्हणतात तसं. सर तुला थांबवतील, सांगतील ज खालचा नुक्ता, म्हणजे तो टिंब, कसा असतो, स्वतः म्हणून दाखवतील. मग तू परत बरोबर म्हणशील. सगळे टाळ्या वाजवतील. तिथून तुझा प्रवास सुरू होतो, कळलं? पहिल्या भागात तुला येत नव्हतं, शेवटच्या भागात येतं."

पोरगी म्हणली, "पण मला येतं."

"तेच तर. म्हणून तुला सोपं जाईल."

ती गेली. मी खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एक अक्षर. ठिगळापुढं अक्षर काय चीज आहे? मी म्हणलं, "म्हणून टाक बाई. पुढं जायला भेटंल."

"खाला बघतील."

"खालाला आपण सांगू समजावून. त्या काय परक्या आहेत?"

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. माझी पोरगी हळू बोलणारी आहे, माझ्यावर गेलेली नाही. ती म्हणली, "खालाला तू सांगशील. बाकी सगळ्यांना कोण सांगंल? ते म्हणतील जाफराबादहून एक पोरगी आल्ती, तिला कुणी काही शिकवलंच न्हाई. जे शिकवलं ते सरांनी, पाच मिनिटांत. खालानं दोन वर्षं काय केलं मंग?"

मी पाणी पी म्हणलं.

घरच्यांना पडद्यामागं एका छोट्या टीव्हीसमोर बसवतात, म्हणजे आपली तोंडं पण टिपता येतात. पोरगी स्टेजवर आली, मोरपंखी ड्रेस, बाहीवर तपकिरी ठिगळ. वाद्यं सुरू झाली आणि तिनं ओळ उचलली. ज़िंदगी. इतका साफ तिसरा ज, की खाला असत्या तर त्यांनी पट्टी खाली ठेवली असती. आणि परीक्षकानं हात वर केला! त्यानं ऐकलंच नव्हतं. त्याला सांगितलं होतं की ती चुकणार, म्हणून त्याच्यासाठी ती चुकली. वाद्यं थांबली. तो प्रेमानं म्हणाला, "बेटा, ज के नीचे एक नुक़्ता होता है. बोलो, ज़िंदगी."

पोरगी म्हणली, "जी सर. मैंने वही बोला."

प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. लगेच कट, कट. वायरवाली पळत गेली, पोरीच्या कानाशी लागली. परत सुरू. माझ्या मनात आलं, बाई, एकदा म्हण, तुझ्या पाया पडते. ज़िंदगी. तसाच साफ. या खेपेला परीक्षकानं खरंच ऐकलं असावं, कारण त्यानं हात अर्धा वर केला आणि कागदाकडं बघितलं. परत कट. वायरवाली या वेळी हसत नव्हती. तिसऱ्यांदा वाद्यं वाजली आणि माझ्या लेकीनं तो ज इतका लांबवला, इतका लांबवला, की साऱ्या स्टुडिओत तेवढंच एक अक्षर ऐकू येत होतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. एक जण म्हणाला, काकू, बसा, फ्रेममधून बाहेर जाताय. मी बसले नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि लाज पण वाटली, ती माझी स्वतःची, पदरात अजून सुईदोरा होता म्हणून.

परीक्षक म्हणाला, आवाज अच्छी है, पण तयारी कमी आहे, अगले साल आना. आणि शेवटी म्हणाला, "तुम में ज़ज़्बा है." पोरीनं हात जोडले आणि खाली आली.

परतीच्या दुपारच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मला वाटलं रडती की काय. तर हसत होती. "आई, ते सर ज़ज़्बा म्हणले. दोन्हीला नुक्ता. पहिला ज साधा असतो. जज़्बा." मग तिनं त्या वायरवालीची नक्कल केली, अगदी हुबेहूब. जिंदगी, जिंदगी, गावाकडं म्हणतात तसं. तोंड भरून, जीभ टेकवून, बिलकुल साधा ज. समोरच्या बाकावरची बाई पण हसली. मी हसता हसता तिच्या बाहीवरचं ठिगळ उसवत होते. नाशिक यायच्या आत निघालं, पण कापडाला टाक्यांची भोकं राहिली.

जायच्या आधी आमच्याकडून एका कागदावर सही घेतली होती, कार्यक्रम लागेपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही. महिनाभर मी तोंड शिवून बसले. मी! बायका खोदून खोदून विचारायच्या आणि मी म्हणायची, टीव्हीवर बघा. खालांनी तर गल्लीभर सांगून ठेवलं होतं. ज्या भागात आमची पोरगी येणार तो रात्री लागला तेव्हा नेमकी लाईट गेलेली, म्हणून रविवारी दुपारी तोच भाग परत लागला तेव्हा माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खालांना मी गिऱ्हाइकाची खुर्ची दिली. त्यांनी नवा दुपट्टा घेतला होता आणि चष्मा तीनदा पुसला.

पाऊण तास दुसऱ्याच पोरांच्या कहाण्या. मग आली. एकामागोमाग नापास झालेल्यांचे तुकडे दाखवतात ना, त्यात. कॅमेरा आधी ठिगळावर, मग तिच्या तोंडावर. तोंड उघडं, आणि गाणं नाही, त्यावर सारंगी. तीन सेकंद असेल. लगेच दुसरा पोरगा, मग चहापत्तीची जाहिरात. एक बाई माझ्याकडं बघून म्हणली, "अगं, तुझ्या लेकीच्या ड्रेसला ठिगळ?"

मी म्हणलं, "हौ. मीच लावलं. त्यांनी लाव म्हणलं आणि मी लावलं. ज्याला हसायचं त्यानं हसा."

कुणी हसलं नाही. खाला मात्र अजून टीव्हीकडंच बघत होत्या. "उसका आवाज किधर है?" त्यांनी विचारलं. "मैं पूछ रही, बच्ची का आवाज किधर गया?"

मी टीव्ही बंद केला. आता माझ्या डोक्यात एकच, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, घसा बसला होता म्हणावं. पण पोरगी खालांच्या समोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चुकीचं म्हण म्हणले, मी म्हणले नाही, तीनदा झालं, मग घरी पाठवलं. एवढंच.

मला वाटलं खाला तिला जवळ घेतील. कशाचं काय! त्या अशा कडाडल्या की दारातल्या बायका मागं सरल्या. "एक नुक़्ते के वास्ते? अगे पगली, एक नुक़्ते के वास्ते इत्ता बड़ा मौका छोड़ के आई? बोल देती ग़लत! मैं क्या मर जाती थी? मैं कौन हूँ तेरी, पड़ोसनच ना? मेरे वास्ते किसने बोला था तेरेकू?" त्या पोरीवर रागावल्या नव्हत्या. आपल्यामुळं पोरीचं नुकसान झालं, हे त्यांच्या छातीवर बसलं होतं, आणि ते मला तिथूनही दिसत होतं.

पोरगी म्हणली, "तुमच्यासाठी न्हाई खाला. मला येतच न्हाई आता चुकीचं."

"क्या नै आता?"

"साधा ज. लई प्रयत्न केला. जीभ वळतच न्हाई."

"झूट. बोल के बता."

"ज़िंदगी."

"ग़लत बोल मैं बोल रही."

"ज़िंदगी." ती डोळे मिचकावत, तोंड वाकडं करून, कष्टानं म्हणत होती. "ज़िंदगी. बघा ना खाला, येतच न्हाई."

मी तोंड उघडलं. गाडीत माझ्या कानांनी ऐकलं होतं मी, दहा वेळा तरी. पोरीनं खालांच्या खांद्यावरून माझ्याकडं एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं.

खालांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दारातून कुणीतरी हळूच म्हणलं, "म्हणजे नापास झाली म्हणा की."

खाला खुर्चीतून उठल्या. "कौन नापास?" त्या दाराकडं वळून म्हणाल्या. "मेरी बच्ची? मैं पस्तीस साल पर्चे जाँची, मेरेकू नै मालूम कौन नापास है? उनो नापास हुए. पूरे के पूरे."

बाहेर गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या त्या.